मदत हवी आहे : दीर्घकाळ वापरण्यासाठी साधी मोटारसायकल घ्यावी की इलेक्ट्रॉनिक सोयींनी भरलेली?

नमस्कार. नवी मोटारसायकल घ्यायचे निश्चित झाले आहे, परंतु कोणत्या प्रकारची घ्यावी याचा निर्णय होत नाही. त्यामुळे ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या पुरेसा काळ स्वतः चालवल्या आणि सांभाळल्या आहेत, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. अमुक मॉडेल चांगले की तमुक, असे मी विचारत नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मोजकी इलेक्ट्रॉनिक उपकरणे असलेली गाडी घ्यावी, की इंजिनाचा प्रतिसाद बदलणारे रायडिंग मोड, मागचे चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, क्लच न दाबता गिअर टाकू देणारा क्विकशिफ्टर, वेग कायम राखणारे क्रूझ कंट्रोल, वेगमापकाच्या जागी रंगीत पडदा आणि फोनची जोडणी असे सर्व काही असलेली घ्यावी?

माझा वापर बहुतांशी एकट्याने केलेल्या लांबच्या प्रवासाचा आहे. रस्ता मुख्यतः डांबरी असतो, अधूनमधून कच्चाही लागतो. सध्याची गाडी कार्ब्युरेटरची असून तिचे व्हॉल्व्ह, प्लग, चेन आणि केबल यांची देखभाल मी स्वतःच करतो, आणि त्या कामात मला आनंद वाटतो हेही येथे नोंदवतो, कारण त्याचा माझ्या मतावर परिणाम होत असणार. नवी गाडी किमान पंधरा वर्षे ठेवण्याचा विचार आहे. ही अट नसती तर कदाचित हा धागा काढावाच लागला नसता. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने सर्व सोयी असलेली गाडी खुशाल घ्यावी, कारण त्या सोयी जुन्या होतील तेव्हा त्यांची काळजी दुसराच कोणीतरी करत असेल.

चौकशी करताना पहिली अडचण अशी आली की ‘साधी गाडी’ या वर्णनात नेमके काय बसते, यावर दोन चालकांचेही एकमत होत नाही. यामाहाची एसआर४०० ही एक सिलिंडरची, हवेने थंड होणारी, १९७८ पासून २०२१ पर्यंत बनत राहिलेली गाडी साधेपणाचा नमुना मानली जाते. तिला शेवटपर्यंत सेल्फ स्टार्टर नव्हता, किक मारूनच ती चालू करावी लागे. पण अखेरच्या दशकात तिच्यात इंधन मात्र कार्ब्युरेटरऐवजी विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरनेच येत होते. ट्रायम्फने बोनव्हिलला इंजेक्शन बसवले तेव्हा थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला, बाहेरून कार्ब्युरेटरसारखा आकार दिला होता. म्हणजे दिसायला साधी असणे आणि आतून साधी असणे यांत बरेच अंतर पडू शकते. उलट, कावासाकीची केएलआर६५० ही १९८७ पासून २०१८ पर्यंत खरोखरच कार्ब्युरेटरवर चालत राहिली आणि २०२२ च्या मॉडेलमध्ये इंजेक्शन घेऊन परतली. तिच्या जुन्या चाहत्यांना हा बदल कसा वाटला, हे त्यांच्यापैकी कोणी येथे असल्यास जाणून घ्यायला आवडेल.

त्यामुळे मी ‘इलेक्ट्रॉनिक’ हा एकच गठ्ठा न मानता प्रत्येक उपकरणाचे वय पाहायला सुरुवात केली. मोटारसायकलींवर इंधनाचे इंजेक्शन १९८० च्या सुमारास आले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस, १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आली. केबलऐवजी विद्युत संकेतांनी थ्रॉटल उघडण्याची पूर्ण व्यवस्था, जिला राइड-बाय-वायर म्हणतात, ती यामाहाने २००६ च्या आर६ मध्ये दिली. गाडीचा कल ओळखून वळणातही ब्रेकचा दाब सांभाळणारी बॉशची यंत्रणा २०१३ मध्ये केटीएमच्या ११९० ॲडव्हेंचरवर आली आणि पुढे-मागे रडार असलेली डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४ तर २०२० मध्ये सादर झाली. यावरून मी एक ढोबळ नियम मनाशी धरला आहे. जे तंत्र माझ्या नियोजित पंधरा वर्षांहून बरेच जुने आहे, त्याचे म्हातारपण लोकांनी पाहिलेले आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवावा. जे तंत्र त्याहून नवे आहे, त्याच्या म्हातारपणाचा प्रयोग आपल्या गाडीवर होऊ देऊ नये.

या नियमाने एबीएसबाबत माझ्या मनात शंका उरत नाही. युरोपीय संघासह अनेक ठिकाणी १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना ते कायद्यानेच आवश्यक आहे, आणि नसते तरी मी मागितले असते. इंजेक्शनबाबतही माझा विरोध बराच मावळला आहे. उंच घाटात हवा विरळ होते, कार्ब्युरेटर मात्र जेटच्या, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्राच्या, मापानुसार पेट्रोल देतच राहतो, म्हणून मिश्रण जड होऊन इंजिन गुदमरते; इंजेक्शनची यंत्रणा हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते. मात्र इंजेक्शनच्या पंपाला वीज लागते आणि बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्का मारून गाडी चालू होण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते. निर्मनुष्य रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्याला हा विचार अस्वस्थ करतो.

ट्रॅक्शन कंट्रोलविषयी माझे मत असे की, शंभर अश्वशक्तीच्या गाडीला ते ओल्या रस्त्यावर खरोखर वाचवत असेल, पण तीस-पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीत ते प्रामुख्याने माहितीपत्रकाची शोभा वाढवते. रायडिंग मोडबद्दल मला अधिकच संशय आहे. पहिल्या महिन्यात सर्व मोड वापरून पाहायचे आणि नंतर कायम एकाच मोडवर गाडी चालवायची, असेच बहुतेकांचे होत असावे. खरी भीती पडद्याची आणि फोनच्या जोडणीची आहे. सुईचा वेगमापक बिघडला तरी गाडी चालते, परंतु ज्या पडद्यातूनच सर्व नियंत्रणे हाताळावी लागतात तो दहाव्या वर्षी काळा पडला तर काय करावे? आणि ज्या ॲपवर त्याची निम्मी कामे अवलंबून आहेत, ते ॲप तोपर्यंत कोणत्या फोनवर चालणार आहे?

जाणकारांकडून पुढील गोष्टींबाबत अनुभव कळावा ही विनंती. इलेक्ट्रॉनिक सोयी असलेली गाडी दहा वर्षांहून अधिक काळ ठेवली असल्यास प्रत्यक्षात काय बिघडले आणि ते दुरुस्त झाले की पूर्ण बदलावे लागले? राइड-बाय-वायर हे माझ्या नियमाच्या अगदी सीमेवर येते, त्याचा अनुभव कसा आहे? तसेच सर्व सोयींची सवय झाल्यावर कोणी जाणीवपूर्वक साध्या गाडीकडे परतले असेल, तर त्यांना नेमकी कोणती उणीव जाणवली?

प्रतिसाद :

प्रश्न नेमका मांडला आहे, परंतु आपला वयाचा नियम मला पटत नाही. तंत्र जुने असणे आणि आपल्या गाडीचा विशिष्ट भाग उद्या मिळणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एबीएस १९८८ चे असले तरी एखाद्या जुन्या मॉडेलचे एबीएस युनिट आज शोधणे अवघड जाते, कारण ते त्याच गाडीसाठी बनले होते. उलट बऱ्यापैकी नवा एखादा सेन्सर अनेक गाड्यांत समान असल्यामुळे सहज मिळतो.

माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत आणि ओळखीतल्या अनेकांच्या गाड्यांची दुरुस्तीही मी हौसेने करतो. माझ्या पाहण्यात मुख्य इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, क्वचितच बिघडतो. त्रास देतात त्या भोवतालच्या किरकोळ वस्तू : पाणी शिरून हिरवे पडलेले कनेक्टर, सैल झालेली अर्थिंग, साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विच, आणि सर्वांत जास्त म्हणजे अशक्त बॅटरी. चालू करताना बॅटरीचा विद्युतदाब फार खाली गेला की पडद्यावर एकाच वेळी चार-पाच दोष उमटतात आणि मालक घाबरून जातो. बॅटरी बदलल्यावर त्यातले बहुतेक नाहीसे होतात. स्वतः देखभाल करणाऱ्याने टॉर्च आणि पान्ह्यांच्या जोडीला एक मल्टिमीटर आणि आपल्या गाडीला चालणारे दोष वाचण्याचे उपकरण बाळगले, तर ‘हे आपल्या हाताबाहेरचे आहे’ ही भावना बरीच कमी होते.

वयाऐवजी आपण दुसरी कसोटी लावून पाहावी. प्रत्येक उपकरणाबाबत विचारावे की, हे बंद पडले तर गाडी घरी पोहोचेल का? एबीएसचा दिवा लागला तरी ब्रेक साध्या ब्रेकसारखे काम करतात. अनेकदा चाकाच्या सेन्सरवर साचलेला चिखलच कारण असतो. क्विकशिफ्टर गेला तर क्लच दाबून गिअर टाकता येतो. ट्रॅक्शन कंट्रोल आणि क्रूझ कंट्रोल यांच्यावाचून काही अडत नाही. ही सर्व उपकरणे मी निर्धास्तपणे स्वीकारीन. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन बिघडले तरी गाडी बहुधा घरी येते, पण पुढे ते साध्या शॉकॲब्झॉर्बरप्रमाणे उघडून दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही आणि अख्खा संच बदलण्याची वेळ येते, म्हणून दीर्घकाळासाठी मी ते टाळतो. चावीविना चालू होणारी व्यवस्था तर मला एकट्याच्या प्रवासासाठी निरर्थक जोखीम वाटते.

पडद्याबद्दलची आपली भीती रास्त आहे. माझ्या एका गाडीच्या पडद्यात वॉरंटी संपल्यानंतर ओलावा शिरला आणि तो दुरुस्त करून देण्यास कंपनीने नकार दिला. नवाच घ्यावा लागला. काही गाड्यांत इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) आणि किलोमीटरची नोंद यांचा संबंध याच भागाशी असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा वापरलेला पडदा आणून नुसता बसवता येत नाही. गाडी घेण्यापूर्वी ही एक गोष्ट सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला अवश्य विचारावी. विक्री विभागाकडून याचे उत्तर मिळत नाही.

राइड-बाय-वायरमध्ये ॲक्सिलरेटरच्या मुठीची स्थिती सांगणारे दोन स्वतंत्र संकेत असतात आणि ते परस्परांशी जुळले नाहीत तर इसीयू इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. मला स्वतःला अजून त्याचा त्रास झालेला नाही. केबलचा मोठा गुण असा की ती तुटण्याआधी जड होते, तिचे तंतू सुटू लागतात, आणि जुन्या केबलशेजारून दुसरी आधीच ओवून ठेवता येते. सेन्सर अशी पूर्वसूचना बहुधा देत नाही.

प्रतिसाद :

वरील प्रतिसादात गाडी घरी पोहोचण्याचा विचार झाला, चालक घरी पोहोचण्याचा झाला नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या विश्लेषणात, एबीएस असलेल्या मोटारसायकलींच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण त्याच मॉडेलच्या एबीएस नसलेल्या गाड्यांपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी आढळले होते. इतका फरक पाडणाऱ्या वस्तूला ‘सोय’ म्हणणेच मला चुकीचे वाटते. वळणात गाडीचा कल ओळखणारे एबीएस हे त्याच मार्गावरचे पुढचे पाऊल आहे. साधे एबीएस चाक अडकू देत नाही, पण झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक घाबरून जोरात दाबला की गाडी सरळ उभी राहू पाहते आणि वळणाबाहेर जाते. तेथे दाब हळूहळू वाढवणारी यंत्रणा उपयोगी पडते. दहाव्या वर्षी पडदा बदलावा लागेल या चिंतेने पहिल्या वर्षापासून हे संरक्षण नाकारणे मला हिशेबात बसत नाही.

साध्या गाडीकडे परतलेल्यांबद्दल विचारले आहे, तर मी काही काळ परतलो होतो. मोड किंवा पडदा यांची आठवणही झाली नाही. उणीव जाणवली ती क्रूझ कंट्रोलची, कारण सरळ महामार्गावर तासन्‌तास मूठ धरून उजवे मनगट बधिर होऊ लागले.

मूळ प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वयाचा नियम मी मागे घेतो आणि त्याऐवजी ‘बंद पडल्यास काय’ ही कसोटी घेतो. दुसऱ्या प्रतिसादामुळे मात्र पेच वाढला आहे. वळणातील एबीएससाठी गाडीचा कल मोजणारा सेन्सर लागतो, आणि तो ज्या गाड्यांत असतो त्यांत उत्पादक सहसा मोठा पडदा, मोड आणि क्विकशिफ्टरही देऊन टाकतात. मला हवे ते एक घेण्यासाठी नको असलेली चार घ्यावी लागतात. अशा वेळी तडजोड कोठे करावी?

प्रतिसाद :

नको असलेल्या चार सोयी गाडीत आहेत का, यापेक्षा त्या आपल्या वाटेत येतात का, हे पाहावे. चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा जाड हातमोजे घालून सर्व बटणे वापरून पाहा. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर आपण निवडलेला मोड तसाच राहतो की मूळ स्थितीवर जातो, हे तपासा. कच्च्या रस्त्यासाठी मागच्या चाकाचे एबीएस बंद करणाऱ्याला ही बाब रोज नडते, कारण ते बहुतेक गाड्यांत प्रत्येक वेळी पुन्हा चालू होते. फोन अजिबात न जोडता गाडीचे काय काय अडते, तेही तेथेच विचारा. शेवटी मालकाची पुस्तिका मागून फ्यूजचे पान उघडा. पडदा, इंधनाचा पंप आणि एबीएस यांना स्वतंत्र फ्यूज असतील, तर एकाच्या बिघाडाने दुसरे बंद पडण्याचा धोका कमी असतो आणि रस्त्याच्या कडेला दोष शोधणेही सोपे जाते. एवढ्या तपासणीत जी गाडी टिकेल ती घ्यावी, मग तिच्या माहितीपत्रकात सोयींची यादी कितीही लांब असो.