आजीचा शालू रिसेप्शनला: कात्री लावायची की नाही?

खणाची_चोळी
डिसेंबरात चुलतभावाचं रिसेप्शन आहे, कोल्हापुरात ताराबाई पार्कात, संध्याकाळचं, लॉनवर. आजीचा गर्द जांभळा बनारसी शालू माझ्याकडे आलाय. अंगभर जरीची बुट्टी आहे, पण पदर घडीवर दोन ठिकाणी चिरलाय. त्याचं पायघोळ जाकीट शिवून आत साधा काळा ड्रेस घालायचा माझा बेत आहे. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते. म्हणजे विचारते कसली, माझं मत सांगते.

कपाटातला शालू कोणी नेसत नाही. चांगल्या प्रसंगाला म्हणून ठेवतात, आणि प्रसंग आला की भाड्याचा लेहंगा आणतात. मग फोटोत सगळ्या करवल्या एकसारख्या. शालू तिकडे घडीतच विरतो. आणि जुन्याचं नवं करणं आपल्याला काय नवीन आहे? आईच्या साडीचं लेकीला परकर-पोलकं व्हायचं, तेही फाटलं की वाकळीत जायचं. वाकळीत घातलं की संस्कृती आणि जाकीट शिवलं की पाप, हे गणित मला कळत नाही.

घडीमोड
गणित सोपं आहे. वाकळीत जायची ती रोजच्या वापरातली, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी. शालू त्यात कोणी घातला नाही, तो वेगळाच ठेवला जायचा. दोन्हींना एका मापात बसवू नका.

2022 मध्ये किम कार्दाशियनने मेरिलिन मन्रोचा 1962 चा ड्रेस न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला घातला, तेव्हा जगभरच्या वस्त्रतज्ज्ञांनी डोक्याला हात लावला होता. ड्रेस मागून बंदच होत नव्हता, वर स्टोल घेऊन झाकला. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तर असे ऐतिहासिक कपडे कोणीच अंगावर घालू नयेत, अशी भूमिका घेतली. मी तेवढी कडक नाही. नेसा, मिरवा. पण कात्री लावली की ती साडी संपली. उद्या तुमच्या मुलीला नेसावीशी वाटली तर काय देणार, जाकीट?

खणाची_चोळी
मन्रोचा ड्रेस जगात एक आहे, माझ्या आजीच्यासारखे शालू कोल्हापुरात घरोघरी निघतील. त्याच 1962 सालचं दुसरं उदाहरण घ्या की. राणी एलिझाबेथने तेव्हा एका चित्रपटाच्या प्रीमियरला घातलेला गाऊन 2020 मध्ये तिची नात बिआट्रिस हिने स्वतःच्या लग्नात घातला. तिच्या मापाचा करून घेतला, वर ऑर्गन्झाच्या बाह्या लावल्या. कोणी नाक मुरडलं नाही.

घडीमोड
बाह्या *लावल्या*. तुम्ही साडीला काही लावताय की साडीतून कापताय?

शिवाजी_पेठ
अगं बाई, कापा न्हाईतर नेसा, पण आदी आत्तीला इचारलंस काय? आजीच्या लुगड्यावर लेकींचा हक्क. रिसेप्शनला स्टेजसमोर आत्तीनं वळाकलं, तर जेवणाच्या पंगतीत तुजंच वाटण हुतंय बघ.

आमच्यात आज्याचा लोकरी कोट हाय, मी त्योच घालतो लग्नात. मास्तरनं बगलंत आन बाहीत घेतला, खांद्याला हात लावला न्हाई. जुन्या शिलाईत आत मार्जिन भरपूर सोडल्याली असायची. खांदा उसवला की कोट गेला, ह्ये मास्तरचंच म्हणणं. डिसेंबरात रातच्याला लॉनवर पोरं कुडकुडत्यात, मी मातर निवांत.

टीप_आणि_टाका
मी राजारामपुरीत शिवणकाम करते. दोन्हीकडची बाजू ऐकली. पण कापड काय म्हणतंय ते कोणी बघितलंच नाही.

शालू पूर्ण उलगडा आणि दिवसा खिडकीसमोर धरा. जिथं घड्या होत्या तिथं उजेडाच्या बारीक रेघा दिसतात का बघा. मग चिरीपासून वीतभर लांबचं कापड दोन चिमटीत धरून अगदी हलकं ताणा. काही झालं नाही तर रेशीम जिवंत आहे. बारीक चर्र आवाज आला तर ताणा, म्हणजे रेशमाचे उभे धागे, गेलाय; नुसती जर त्याला धरून आहे. असा शालू नेसलात तरी फाटणार, कारण सगळं वजन खांद्याच्या पिनेवर येतं. भरजरी पदराचं वजन काय असतं ते नेसणारीला माहीत. तेव्हा "कापू नका, नेसा" हा सल्ला अशा साडीला उलट घातक.

शिवायचंच असेल तर फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवू देऊ नका. काम पटकन होतं, म्हणून बरेच जण तेच सुचवतात. पण तो गोंद परत निघत नाही आणि कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. प्रत्येक तुकड्याखाली मऊ मलमल घेऊन हाताने कच्चे टाके घालायचे, म्हणजे ताण मलमलीवर जातो. मशीनला बारीक सुई, टीप लांब. काखेखाली शालू लावायचाच नाही, तिथं त्याच रंगाचं नवं रेशीम. घाम सगळ्यात आधी तिथंच खातो. मुंढे सैल ठेवा. शिलाई साध्या जाकिटाच्या दुप्पट तरी लागते, आणि ते ऐकून निम्म्या जणी परत जातात.

घडीमोड
मान्य, मेलेल्या रेशमाला नेसा म्हणणार नाही. पण यांचा फक्त पदर चिरलाय! चिरीमागे त्याच रंगाची नेट लावून हाताने टाके घाला. नाहीतर उलटा नेसा, पदराची बाजू आत निऱ्यांत जाऊ दे.

खणाची_चोळी
पदरच आत खोचायचा तर शालू नेसायचा कशाला?

इचलकरंजीकर
मी कापडधंद्यातला, म्हणून जरीबद्दल बोलतो. जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. चांदी आहे म्हणून ती काळवंडते. आजची स्वस्त जर म्हणजे प्लास्टिकची चकाकी. दारावर "जुनी जरीची साडी द्या" म्हणत येणारे ती नेसायला नेत नाहीत, जाळून चांदी काढायला नेतात. त्यांना विकण्यापेक्षा जाकीट शंभर पटीने बरं, हे घडीमोड यांनाही पटेल.

पण एक अट. चांगल्या भागाला हात लावू नका. आधी चिरलेला भाग मोजा, त्यात किती बसतं ते बघा. पाठीचा एक पट्टा, कॉलर, बाह्यांचे कफ एवढ्यावरही जाकीट उठून दिसतं. बाकी साधं काळं रेशीम. अंगभर बुट्टीचं पायघोळ जाकीट रात्रीच्या लायटीत तसंही बॅंडवाल्यांच्या झग्यासारखं दिसेल, राग मानू नका. आणि अत्तर अंगाला लावा, जरीवर फवारू नका.

घडीमोड
होतं तसं जपणं आपल्याला कळत नाही असंही नाही. 1915 मध्ये उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला आगीत गेलं, तेव्हा सगळं कोल्हापूर "जसं होतं तसंच बांधा" म्हणत होतं. साडीची वेळ आली की लगेच कात्री?

खणाची_चोळी
त्या नाट्यगृहात आपण नाटकं बघत होतो, म्हणून तर जीव तुटला. कुलूप लावून ठेवलं असतं तर कोणाला काय वाटलं असतं? आणि अधूनमधून त्याचंही नूतनीकरण झालंच होतं.

असो. काल आत्याला फोन केला (शिवाजी_पेठ, तुमच्या धाकाने). म्हणाली, काप, पण काठ मला दे, मी नव्या साडीला लावून घेते. म्हणजे माझ्यापेक्षा तीच पुढे निघाली. खिडकीसमोर धरून बघितला. पदर गेलाय, अंग घट्ट आहे. इचलकरंजीकरांचा पट्टा-कॉलरचा बेत मला पटत नाही, अर्धवट वाटतो. पण काखेखाली नवं रेशीम घेणार.

घडीमोड
अंग घट्ट असूनही कापणार. बरं. मग निदान कापण्याआधी पूर्ण उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि उरलेलं फेकू नका, गुंडाळी करून सुती कापडात ठेवा. घडी नको. मला हे चुकीचंच वाटतं आणि वाटत राहील.

शिवाजी_पेठ
काठ आत्तीला, बुट्टी भाचीला, ऱ्हायलं काय? काकू हायत का कोण?

टीप_आणि_टाका
@खणाची_चोळी, कुठेही शिवा, पण तुळशीच्या लग्नाआधी कापड टाका. एकदा लग्नसराई लागली की मलमलीचे कच्चे टाके घालत बसायला कुणालाच वेळ नसतो, मग मास्तर गुपचूप फ्युजिंग मारून मोकळा होतो.