डेन्व्हर ते मेसा व्हर्डे, मागे २६ फुटी ट्रेलर: कोणत्या घाटाने जावं?

माळरान:
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोलोरॅडोत डेन्व्हर, माँट्रोझ, युरे, मेसा व्हर्डे (नॅशनल पार्क), डुरँगो आणि परत डेन्व्हर असा बेत आहे. चार माणसं. गाडी हाफ-टन पिकअप, साडेतीन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दारावरच्या स्टिकरप्रमाणे पेलोड (गाडीवर चढवता येणारं वजन) १,५२० पौंड. ट्रेलर २६ फुटी, कमाल वजन ७,००० पौंड, सामान भरून ६,५०० च्या आसपास जाईल. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचा भार पुढच्या ॲक्सलवरही वाटणारी जोडणी) आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) दोन्ही आहेत. विकणारा म्हणतो, ही गाडी १०,००० पौंड ओढते, काळजीच नको.

फोनवरचा नकाशा युरेहून डुरँगोला थेट यूएस-५५० दाखवतो, जेमतेम ७० मैल. त्यालाच मिलियन डॉलर हायवे म्हणतात असं कळलं. तो घ्यावा का? नाही तर पर्याय काय? आणि आय-७० महामार्गावर आयझनहॉवर बोगद्यानंतरचा उतार कितपत अवघड आहे? जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा:
आधी ५५०चं. युरे ते सिल्व्हरटन हा तुकडा ट्रेलर लावून घेऊ नका. बंदी नाही, मोठ्या गाड्या तिथून जातात, पण दक्षिणेकडे जाताना तुमची लेन दरीच्या बाजूची असते. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि पांढऱ्या पट्टीपलीकडे साइडपट्टीही नाही. ट्रेलरची चाकं वळणात नेहमी आतून कापतात. उजव्या वळणावर ती पट्टीच्या आत ठेवायची तर पिकअपला मधल्या पिवळ्या रेषेला चिकटून चालवावं लागतं, आणि समोरून येणाऱ्या आरव्हीवाल्याची (राहत्या घरासारख्या मोठ्या गाडीवाल्याची) अडचण हीच असते. शिवाय ७० मैलांत रेड माउंटन (११,०१८ फूट), मोलास आणि कोल बँक अशा तीन खिंडी. एकीचे ब्रेक निवतात न निवतात तोच पुढची.

रस्ता बघायचाच असेल तर (बघाच) रिजवे स्टेट पार्कमध्ये ट्रेलर लावा आणि नुसत्या पिकअपने युरे-सिल्व्हरटन करून संध्याकाळी परत या.

तिथून मेसा व्हर्डेला जायला रिजवेहून सीओ-६२ (कोलोरॅडोचा राज्यमार्ग) ने डॅलस डिव्हाइड (८,९७० फूट) ओलांडून प्लेसरव्हिल, मग सीओ-१४५ ने लिझर्ड हेड पास (१०,२२२ फूट) आणि डोलोरेस. वळणं मोकळी आणि उतार लांबट, सुसह्य. प्लेसरव्हिलच्या पुढे दरी अरुंद आहे आणि रस्त्यावर दगड येतात, म्हणून हा टप्पा उजेडात करा. मेसा व्हर्डेत ट्रेलर मोअरफील्ड कँपग्राउंडपर्यंतच नेता येतो, पुढे परवानगी नाही.

परत येताना डुरँगो, पगोसा स्प्रिंग्ज, वुल्फ क्रीक पास (सुमारे १०,८५० फूट), साउथ फोर्क, अलामोसा, ला व्हेटा पास, वॉल्सनबर्ग आणि आय-२५ ने उत्तरेला. तुमचा फेरा नेमका बऱ्या दिशेने आहे. वुल्फ क्रीकची पश्चिम बाजू जास्त वाईट, जवळजवळ ७ टक्के आणि लांब. ती तुम्ही चढणार, उतरणार नाही. फेरी आखताना हेच बघायचं: कडक बाजू चढायला यावी. चढात फार तर इंजिन तापतं आणि मागे रांग लागते. जीव जातो तो उतारात.

आय-७० वर आयझनहॉवर बोगद्याचं पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण ८ मैलांत २,३०० फूट उतार, काही भाग ७ टक्के. म्हणजे लोणावळा ते खोपोली अख्खा बोरघाट, त्याहून थोडा जास्तच, आणि तोही वाटेत कुठे न थांबता. वाटेत दोन रनअवे रॅम्प (ब्रेक गेलेल्या गाड्या थांबवायच्या बाजूच्या वाटा) आहेत. त्यानंतर व्हेल पास (१०,६६२ फूट), त्याची पश्चिम बाजूही ७ टक्के आणि वर वळणं. लोक पहिल्या उताराची धास्ती घेतात आणि दुसऱ्यावर सैल पडतात.

वार महत्त्वाचा. शुक्रवारी दुपारी पश्चिमेला आणि रविवारी पूर्वेला आय-७० तुंबतो. ७ टक्के उतारावर थांबत-सरकत जाणं म्हणजे इंजिन ब्रेकिंगचा उपयोग शून्य, सगळा भार पायावर. मंगळवार-बुधवारी सकाळी निघा.

नटबोल्ट:
रस्ता वर नीट सांगितलाय, पण त्याआधी वजन. १०,००० पौंड हा आकडा विसरा. गाड्यांच्या ओढशक्तीची प्रमाणित चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर ठरवलेली आहे आणि तो चढ ३,५०० फुटांच्या आसपास संपतो. तुम्ही ११,००० वर जाताय. टर्बो आहे म्हणून बरं. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते, बोगद्यापाशी एक तृतीयांश गेलेली असते.

तुमची मर्यादा पेलोडची आहे. टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर येणारा भार) ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. ६,५०० चे १३ टक्के धरले तर ८४५ पौंड. हिचचं लोखंड ९०. चार माणसं ५६०. बेरीज १,४९५. उरले २५ पौंड, आणि अजून कूलर, सायकली, जनरेटर काहीच मोजलेलं नाही. तेव्हा पिकअपच्या हौद्यात काही टाकू नका, जड सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या वर आणि किंचित पुढे. मागच्या बाजूला सायकल रॅक लावून टंग वेट कमी करायची युक्ती सांगणारे भेटतील. ऐकू नका. टंग १० टक्क्यांखाली गेलं की उतारावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर तीनदा वजन करा, माणसं आणि सामानासकट: हिचचे बार (भार वाटणारे दांडे) ताणून, बार सैल सोडून, आणि ट्रेलर काढून नुसती गाडी. दुसऱ्यातल्या पिकअपच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून तिसरं वजा केलं की खरं टंग वेट मिळतं. पुढचा ॲक्सल किती हलका झाला तेही दिसतं. बारचा ताण किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, अंदाजाने नाही.

मग ट्रेलरचे ब्रेक. बऱ्याच ट्रेलरांचे इलेक्ट्रिक ड्रम आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. नवीन असतील तर पहिल्या २०० मैलांनंतर, पुढे दर ३,००० मैलांनी हाताने करावे लागतात. जॅक चेसिसच्या फ्रेमखाली लावायचा, ॲक्सलखाली नाही. चाक फिरवत मागच्या खाचेतून स्टार व्हील (ब्रेक ॲडजस्ट करायचं दातेरी चाक) घट्ट करत जा, चाक हाताने फिरेनासं झालं की उलटं फिरवून सोडा, किंचित घासल्याचा आवाज राहील इतपत. चाक काढलंच असेल तर नट टॉर्क रेंचने १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासा.

कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागायचे ते) सपाट, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर ठरवा. ताशी २५ मैलांवर फक्त ट्रेलरचा लिव्हर पूर्ण दाबा. चाकं लॉक झाली तर गेन कमी करा, ओढ जाणवली नाही तर वाढवा, लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावतो तो) पिनही ओढून बघा: ट्रेलरच्या वायरचा प्लग काढलेला असताना पिन ओढून गाडी हळू पुढे घेतली की ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. बघून झालं की लगेच पिन परत घाला, नाहीतर ब्रेकमधले मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते.

टायरची हवा सकाळी थंड असताना, साइडवॉलवरच्या आकड्याप्रमाणे. वर गेल्यावर आकडा वाढलेला दिसेल, गरम टायरातली हवा काढू नका. बऱ्याच एसटी टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते (आपली लालपरी नव्हे, ट्रेलरचे टायर), रस्त्यावरची पाटी ७५ म्हणाली तरी.

माळरान:
दोघांचेही आभार. सामानाची यादी पुन्हा करतो. दोन शंका. गाडी ऑटोमॅटिक आहे, मग उतारावर गीअर नेमका कसा धरायचा? आणि आय-७० वरचा ग्लेनवूड कॅन्यन बंद झाला तर काय?

रॅम्पवाला:
गीअर आधी. बोगद्यातच टो/हॉल मोड (ट्रेलर ओढतानाची गीअरची सेटिंग) चालू ठेवा आणि बाहेर पडायच्या आधी वेग ४५ वर आणा. वेग वाढल्यावर खालचा गीअर मागितला तर इंजिन जास्त फिरेल म्हणून गाडी तो देतच नाही. मॅन्युअल मोडने गीअर बांधून टाका. जुना नियम, चढलात त्या गीअरमध्ये उतरा, इथे सुरुवातीपुरता ठीक. तरी वेग वाढत राहिला तर आणखी एक खाली. आरपीएम ४,००० च्या पुढे गेला, इंजिन किंचाळलं, तरी लाल पट्ट्याच्या आत आहे तोवर त्याला काही होत नाही.

ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वेग ४५ झाला की ठाम दाबा, ४० वर आणा, पूर्ण सोडा. पुन्हा ४५ होईपर्यंत हात लावू नका. हलका पण सततचा दाब ड्रमला निवायला वेळच देत नाही. सगळं मिळून तुमचं वजन १२,००० पौंड धरलं तर त्या २,३०० फुटांत सुमारे १० युनिट विजेइतकी ऊर्जा जिरवायची असते, तीही दहा-अकरा मिनिटांत. हवा आणि इंजिन जेवढं घेतील तेवढं घेतील, बाकी सगळं ब्रेकमध्ये. ब्रेकचं पेडल मऊ लागलं, जळका वास आला, किंवा त्याच दाबाला गाडी कमी थांबू लागली तर पहिल्या रुंद जागी थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, अर्धा तास निवू द्या. खाली सिल्व्हरथॉर्नला उतरून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रम बघा. एकच फार गरम असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. एकच थंड असेल तर तो ब्रेक लागतच नाही, बाकीचे तीन त्याचं काम करताहेत. व्हेल पासला जायच्या आधी हे कळायला हवं.

शेपटी हलू लागली तर पायाचा ब्रेक नाही, जोरात स्टिअरिंग नाही. ॲक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरचा लिव्हर दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

आता ग्लेनवूड. चढउताराचा त्रास तिथे नाही, पण २०२० च्या ग्रिझली क्रीक वणव्यानंतर पावसात डोंगर खाली येतो. २०२१ च्या उन्हाळ्यात रस्ता काही आठवडे बंद होता. बंद झाला की फोन जवळची वाट शोधतो: सीओ-८२ ने इंडिपेंडन्स पास, किंवा जिप्समहून कॉटनवूड पास. दोन्ही नाही म्हणजे नाही. इंडिपेंडन्सवर ३५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदीच आहे, तुम्ही पिकअप धरून ४५ च्या वर. ट्रेलरसाठीची वाट सिल्व्हरथॉर्नहून सीओ-९ ने क्रेमलिंग, यूएस-४० ने स्टीमबोट आणि क्रेग, मग सीओ-१३ ने रायफल. अख्खा दिवस गृहीत धरा. या वाटेचा निर्णय सिल्व्हरथॉर्नला घ्यावा लागतो, त्याच्या पुढे गेलात की या वाटेसाठी परत वळून यावं लागेल. म्हणून तिथे पेट्रोल भरतानाच सीओट्रिपवर (कोलोरॅडोतल्या रस्त्यांची स्थिती सांगणारी साइट) बघून घ्या.

पेट्रोलवरून आठवलं, कोलोरॅडोत 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. टर्बोला ट्रेलर ओढताना ते नको. किमान ८७, घाटाच्या दिवशी ९१ भरा.

घाटमाथा:
एक राहिलं. माँट्रोझजवळ ब्लॅक कॅन्यन बघाल, साउथ रिमचा रस्ता चालेल. ईस्ट पोर्टलच्या रस्त्याला मात्र वळू नका. तो १६ टक्के उतार आहे, आणि २२ फुटांहून लांब गाड्यांना, ट्रेलर धरून, तिथे परवानगी नाही.