शब्दचर्चा : थॉमस अ‍ॅक्वायनसचे ‘एस्से’ – अस्तित्व, सत्ता की असणे?

प्रश्न : तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ सेंट थॉमस अ‍ॅक्वायनस याच्या सत्ताशास्त्रातील, म्हणजे ‘आहे’ म्हणजे काय याच्या विचारातील, ‘एस्से’ (शब्दशः ‘असणे’) या लॅटिन संज्ञेसाठी मराठीत ‘अस्तित्व’ लिहावे की ‘सत्ता’?

उत्तर : माझ्या मते ‘असणे’ लिहावे, कारण ‘एस्से’ हे मुळात क्रियापदाचेच रूप आहे आणि थॉमसचा सारा भर त्या क्रियेवर आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास, पॅरिसमध्ये असताना लिहिलेल्या ‘दे एन्ते एत एस्सेन्तिया’ (‘जे आहे ते आणि स्वरूप यांविषयी’) या छोट्या ग्रंथात तो म्हणतो की, मनुष्य किंवा दंतकथेतला फीनिक्स पक्षी म्हणजे काय हे मला समजू शकते आणि तरीही तो जगात आहे की नाही, हे मला ठाऊक नसू शकते. त्यावरून वस्तूचे स्वरूप वेगळे आणि तिचे असणे वेगळे, असे तो दाखवतो. हा भेद इब्न सीना या मुस्लिम तत्त्वज्ञाने आधीच मांडला होता. मात्र असणे हे स्वरूपाला बाहेरून येऊन चिकटणाऱ्या गुणासारखे मानणे थॉमसला मान्य नाही. गुणाला आश्रय देणारी वस्तू आधी असावी लागते, आणि असण्याच्या आधी तर आश्रय द्यायला काहीच नसते. म्हणून तो अ‍ॅरिस्टॉटलची परिभाषा घेऊन तिला नवे काम देतो : स्वरूप ही केवळ क्षमता, आणि असणे ही तिला प्रत्यक्षात आणणारी क्रिया. देवदूतांमध्ये जडद्रव्य नसले तरी हे द्वैत त्यांच्यातही उरते. केवळ ईश्वराच्या ठायी असणे हेच स्वरूप आहे.

‘सत्ता’ मला अडचणीचा वाटतो. राजकीय अर्थ सोडून दिला, तरी वैशेषिक या भारतीय दर्शनात सत्ता हे द्रव्य, गुण आणि कर्म या तिघांत राहणारे सर्वांत व्यापक सामान्य, म्हणजे अनेकांत समान असणारे तत्त्व, आहे. थॉमसच्या मते असणे ही जाती, म्हणजे अनेक वस्तूंना सामावणारा वर्ग, नव्हेच. या घोड्याचे असणे या घोड्याचेच असते. दर्शनांचा अभ्यास केलेला वाचक ‘सत्ता’ वाचताच नेमक्या उलट दिशेला जाईल.

पुरवणी प्रश्न : पण ‘असणे’ फार ढोबळ नाही का? ‘दगड जड आहे’ यातही ‘आहे’ येतेच.

उत्तर : ही अडचण लॅटिनमध्येही आहे आणि थॉमसने तिची दखल घेतली आहे. डोळ्यात आंधळेपण ‘आहे’ असे आपण म्हणतो, परंतु आंधळेपण हा दृष्टीचा अभाव आहे, त्याला स्वतःचे असणे नाही. तेथील ‘आहे’ केवळ विधान खरे असल्याचे सांगते. घोडा ‘आहे’ याचा अर्थ मात्र त्याचे असणे या क्षणी चालू आहे, आणि सूर्य मावळताच हवेतला उजेड जावा तसे ईश्वराने ते राखणे थांबवले तर घोडा उरणार नाही, असा थॉमसचा दृष्टान्त आहे. ‘अस्तित्व’ या शब्दाने हे चालू असणे झाकले जाते आणि ते वस्तूच्या नावापुढे केलेली नोंद वाटू लागते. जेथे संदिग्धता राहील तेथे ‘असण्याची क्रिया’ असे पूर्ण लिहावे. थॉमसची ‘आक्तुस एस्सेन्दी’ ही संज्ञाही शब्दशः तेच सांगते.