अठरा हजारांची पॉवर केबल आणि उतरलेला पंचम

खर्जातला (नाशिक)

मंडळी, घरात वाद पेटण्याआधी इथे विचारून घेतो.

सिस्टीम साधीच आहे. ६० वॉटचा अँप्लिफायर, एक डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), बुकशेल्फ स्पीकर. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही लाल-पांढऱ्या वायरने त्याच अँप्लिफायरला जोडलाय, कारण टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर आईला बातम्या नीट ऐकू येत नाहीत. मी ऐकतो ते बहुतेक ख्याल. उन्हाळा लागल्यापासून मागे एक बारीक 'घूंऽऽ' सुरू झालीय. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा षड्ज धरून) गाणारा गायक लावला की ती तानपुऱ्याच्या पहिल्या तारेच्या, म्हणजे मंद्र पंचमाच्या, जरा खाली जाऊन बसते. तार उतरल्यासारखी. एकदा कानात शिरली की मग गाणं राहतं बाजूला.

दुकानदाराने अंगठ्याएवढी जाड, सापाच्या कातीसारखं विणकाम असलेली पॉवर केबल पुढ्यात टाकली. दीड मीटर, अठरा हजार. "साहेब, तुमच्याकडे वीज घाण येते, ही गाळून देते." ऐकून बघा म्हणून घरी दिलीय. शपथेवर सांगतो, पहिल्या रात्री तबल्याचा बायाँ जास्त भरीव वाटला. घूं मात्र होती तिथेच. त्यावर दुकानदार म्हणतो, केबल २०० तास मुरावी लागते. बायको म्हणते, मग बरणीत भरून दादरा बांधून ठेव.

घ्यावी का? शनिवारपर्यंत सांगायचंय.

तांब्याचा_कान (ठाणे)

घ्या बिनधास्त. मी दोन वर्षांपूर्वी घेतली, आवाज मोकळा झाला, वाद्यं वेगवेगळी ऐकू यायला लागली. सगळंच मीटरवर दिसत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याने वाद घालू नये.

डागकाम (पुणे)

खर्जातले भाऊ, थांबा जरा. ३४ वर्षं लोकांचे अँप्लिफायर उघडतोय. तपकीर गल्लीतून कपॅसिटर आणायचे आणि रात्री डाग देत बसायचं, हाच धंदा.

आधी तुमच्या कानाला दाद. आपली वीज ५० हर्ट्झची. छोटे स्पीकर ५० नीट वाजवतच नाहीत, म्हणून तुम्हाला तिची दुप्पट, १०० ऐकू येते. काळी एकचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. म्हणजे तार खरंच उतरलेली आहे!

आता केबल. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. तुमची दीड मीटर, जाऊन-येऊन तीन, म्हणजे ०.०३६ ओहम. घरात ऐकताना अँप्लिफायर अर्धा अँपिअर ओढत असेल तर केबलमध्ये पडतात ०.०१८ व्होल्ट. कपॅसिटर भरताना करंट झटक्याझटक्याने येतो हे मान्य. पाचपट धरा, तरी ०.०९. तिकडे फ्रिज सुरू झाला की घरातलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टने सहज हलतं. आणि ट्रान्सफॉर्मरपासून खांबावरून, मीटरवरून, भिंतीतून एवढी लांब साधी वायर येते, तिची घाण शेवटच्या दीड मीटरने कशी गाळायची? गाळायचं काम अँप्लिफायरच्या आतला ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि कपॅसिटर करतात. त्याचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत.

तांब्याचा_कान, तुम्हाला ऐकू येत नाही असं मी म्हणत नाही. कानाला किंमत माहीत असते एवढंच. मी स्वतः एकदा दुरुस्त न केलेला अँप्लिफायर चुकून परत दिला होता, तर गिऱ्हाईक म्हणालं, काय गोड झालाय हो! पैसे मी घेतले नाहीत, पण त्या दिवसापासून स्वतःच्या कानावरही फार विश्वास ठेवत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या हौशी मंडळींनी महागडी आणि साधी पॉवर केबल लपवून ऐकली होती. १४९ पैकी ७३ उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही तेवढीच येतात.

घूं कुठून येते ते मात्र केबल घेण्याआधी शोधा. माझा संशय सेट-टॉप बॉक्सवर आहे. भिंतीतून येणारी केबल टीव्हीची गोल वायर बॉक्समधून काढा, बाकी सगळं तसंच राहू द्या. घूं गेली तर ग्राउंड लूप. केबलवाल्याच्या वायरीतली धातूची जाळी दुसरीकडे कुठेतरी अर्थिंगला जोडलेली असते, तुमचा अँप्लिफायर तुमच्या सॉकेटमधून. दोन्ही अर्थिंगच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक असला की करंट तुमच्या लाल-पांढऱ्या वायरीतून फिरतो.

एक हात जोडून सांगणं. कोणी म्हणेल, प्लगची वरची जाड, अर्थिंगची पिन कापून टाका. घूं जाते. उद्या आत काही सुटलं तर धातूच्या पेटीला वीज येते आणि हात तुमच्या आईचा लागतो. असले प्लग मी घरी आल्या आल्या कापून फेकतो.

गावठी_मोनो (सावंतवाडी)

आमच्याकडे पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनवर असला की स्पीकरमध्ये 'झर्रर्र', पाचवर शांत. इन्व्हर्टरवर तर पूर्ण मधमाश्यांचं पोळं. रेग्युलेटर बदलला, काम झालं. सिग्नलची वायर आणि विजेची वायर एकत्र बांधली असेल तर तीही सोडवा.

खर्जातला (नाशिक)

काका, पाया पडतो. गोल वायर काढली आणि घूं अशी थांबली की खोलीत कोणीतरी बोलायचं मधेच थांबावं. मग आठवलं, इमारतीत केबलवाल्याने मार्चमध्ये नवी वायर टाकली होती. मी बसलो होतो उन्हाळ्याला दोष देत.

तुमचं वाचून लपवून ऐकायचा प्रयोगही केला. मुलगी मागे बसून केबल बदलायची, कधी नुसतंच काढून तीच परत लावायची. दुसरी केबल जुन्या कॉम्प्युटरची. बारापैकी सात बरोबर. तीन वेळा मी मांडीवर थाप मारून "हीच ती!" म्हणालो, त्यातल्या दोन चुकल्या. मुलीने वहीत लिहून ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आता वायर परत लावायची कशी? आईच्या बातम्या बंद आहेत.

डागकाम (पुणे)

डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल, बॉक्सला आउटपुट. मध्ये प्लॅस्टिकची ऑप्टिकल केबल टाका आणि लाल-पांढरी काढून टाका. प्रकाश जातो, वीज जात नाही, लूप तुटला. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' (डॅकला कळणारा साधा डिजिटल प्रकार) करा, नाहीतर काही चॅनलवर नुसती शांतता. तीन-चारशे रुपयांत मिळते. तिला मुरवावी लागत नाही.

खर्जातला (नाशिक)

झालं. साडेतीनशे. सापाची कात शुक्रवारीच परत दिली. दुकानदार म्हणाला, कान अजून तयार नाही तुमचा.

काल रात्री दिवे मालवून विलंबित लावला. तानपुऱ्याच्या चारही तारा मोजता येत होत्या.

आता एकच तक्रार. ऑप्टिकलवर बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, अँप्लिफायरचा रिमोट घ्यावा लागतो. तो काळा, त्यावर चाळीस बारीक बटणं. आई सकाळपासून विचारतेय, आधीचं काय वाईट होतं?