अकरावी सायन्सच्या आधी केमिस्ट्रीचा पाया पक्का कसा करावा?

आंबेमोहोर
भाची दहावी झाली, मराठी माध्यम. राहते देवगडला, आता कोल्हापूरला अकरावी सायन्सला जाईल. मार्क छान आहेत, आवर्तसारणीतली पहिली २० मूलद्रव्यं धडाधड म्हणते. पण सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो आणि निऑन कशाशीच बोलत नाही, असं का, हे विचारलं की गप्प. मोल म्हटलं की आकडा सांगते, पुढे काही नाही.

कॉलेज सुरू व्हायला अजून थोडे आठवडे आहेत. क्लास लावायचा नाही, घरीच काही करून घ्यायचं आहे. वाचन कुठून सुरू करू? ऑनलाइन मिळणारं केमिस्ट्री किट घ्यावं का? घरात तिचा धाकटा भाऊ आहे, सगळ्यात हात घालणारा, म्हणून जास्त काळजी. जाणकारांनी कृपया सांगावं.

पाऊलवाट
नवीन पुस्तकं नका घेऊ. बालभारतीचीच काढा, पीडीएफ फुकट मिळतात. आठवीतलं 'अणूचे अंतरंग', मग नववीतलं 'द्रव्याचे मोजमाप', मग दहावीतलं 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण'. याच क्रमाने, सलग. शाळेत हे धडे वर्षावर्षाच्या अंतराने येतात, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी धागा जुळत नाही. हे झालं की एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातला पहिला धडा इंग्रजीतून. शब्दांची ओळख कॉलेजआधीच होऊन जाईल.

निवळी
ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं प्रॅक्टिकल घेतली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किट घेऊ नका. डबीवर रसायनाचं पूर्ण नाव नाही, धोक्याची खूण नाही, डोळ्यात गेलं तर काय करायचं ते नाही, अशी पावडर घरात येताच कामा नये. त्यापेक्षा स्वयंपाकघर पुरतं.

पण त्याआधी सुरक्षिततेचे नियम, आणि तेही कारणासकट. फळ्यावर 'अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतू नये' लिहिलेलं असतं, मुली ते वहीत उतरवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कारण कळलं तर विसरणार नाहीत. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४, म्हणजे ते पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. त्यात पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, मिसळताना प्रचंड उष्णता निघते, वरचा पाण्याचा थर क्षणात उकळतो आणि अ‍ॅसिडसकट तोंडावर उडतो. उलट भरपूर पाण्यात अ‍ॅसिडची बारीक धार सोडली, ढवळत राहिलं, तर तीच उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. घनता, उष्णता, विरल आणि तीव्र द्रावण, एवढं सगळं या एका नियमात शिकून होतं.

दुसरी गोष्ट घरातलीच. ग्रामपंचायत पाण्यात टाकायला देते ती टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. जास्त स्वच्छ होईल म्हणून लोक दोन्ही ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो फुफ्फुसाला थेट इजा करतो. भाचीला हे समीकरणासकट लिहायला लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगायला लावा.

बाकी सवयी आत्तापासून लावा. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली किंवा घट्ट खोचलेली (नायलॉनची असेल तर बर्नरजवळ नकोच), पायात बंद चपला किंवा बूट. परीक्षानळीचं तोंड कुणाकडेही नाही. वास घ्यायचा तो हाताने हवा आपल्याकडे लोटून. पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) तोंडाने ओढायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. अंगावर काही सांडलं तर नळाखाली वाहतं पाणी, निदान २० मिनिटं. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू असले उपाय कातडीवर करायचे नाहीत, त्या अभिक्रियेचीही उष्णता निघते.

आंबेमोहोर
निवळीताई, मनापासून आभार. टीसीएलचं खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे दोन्ही एकाच फडताळात आहेत. आजच वेगळं ठेवतो.

सारीपाट
आवर्तसारणीबद्दल. पाठ करून घेऊ नका, मांडायला लावा.

जाड कागदाची २० कार्डं करा. हायड्रोजन ते कॅल्शियम. प्रत्येकावर अणुवस्तुमान आणि कोणाशी कसं संयोग पावतो एवढंच. अणुअंक लिहू नका. आता वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावायची आणि सारख्या स्वभावाची एकाखाली एक आणायची. सगळं सुरळीत चालेल आणि शेवटाकडे अडेल: पोटॅशियम ३९.१०, आरगॉन ३९.९५. वस्तुमानाचा क्रम पाळला तर पोटॅशियम निऑनच्या खाली येतो आणि आरगॉन सोडियमच्या खाली. मुलगी लगेच म्हणेल, हे चुकतंय. तिला तिथे थोडा वेळ अडू द्या. मोझले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांचा. मग कार्डाच्या मागे इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहायची. सोडियम २, ८, १. निऑन २, ८. पोटॅशियम २, ८, ८, १. तिचा गप्प करणारा प्रश्न इथे सुटतो: सोडियमला बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सोडून द्यायचा असतो, निऑनचं कवच आधीच भरलेलं.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हची गोष्टही याच ओघात सांगा. १८६९ मध्ये फक्त ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्याने अ‍ॅल्युमिनियमखाली जागा मोकळी सोडली, तिला आपल्या संस्कृतातला 'एका' लावून एका-अ‍ॅल्युमिनियम म्हटलं आणि घनता साधारण ५.९ असेल असं सांगितलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, घनता भरली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. मोजली, ५.९ आली. ज्याने तो धातू कधी हातात धरला नव्हता त्याचं बरोबर निघालं. सारणीत केवढी ताकद आहे ते मुलांना यातून कळतं.

कवडसा
मोबाइलवर कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) हे संकेतस्थळ बघा, फुकट आहे. त्यात प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन टाकून अणू बांधता येतो. प्रोटॉन वाढवला की मूलद्रव्य बदलतं, इलेक्ट्रॉन काढला की आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, होतो.

हुर्डा
हळदीचा कागद करा. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा, वाळवा, पट्ट्या कापा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली की पट्टी लालभडक. खायच्या सोड्यात जेमतेम तांबूस, कारण तो सौम्य. लिंबाने काहीच होत नाही, आणि ते का, हा प्रश्न तिला विचाराच. हळद आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते, म्हणून ती आम्लारी ओळखते, आम्ल नाही. आम्लासाठी गोकर्णीच्या फुलांचं निळं पाणी घ्या.

पाणकणीस
देवगडची मुलगी आहे तर हेलियम विजयदुर्ग किल्ल्याशिवाय कसं पूर्ण होईल? १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने ते तिथूनच शोधलं, साहेबाचे ओटे अजून आहेत.

सारीपाट
किल्ल्याबद्दल मलाही प्रेम आहे, पण नोंदी वेगळं सांगतात. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडमध्येच होता, त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथून पाहिली. पृथ्वीवर हेलियम मिळालं १८९५ मध्ये, रॅम्झेला. भाचीला मात्र घरीच जवळचं काही दाखवता येईल: भात उतू जाऊन मिठाचं पाणी गॅसवर सांडलं की ज्योत पिवळीधमक होते. तो सोडियम. हेलियमची रेषा या पिवळ्याच्या अगदी शेजारी आहे, ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या दोन ५८९.० आणि ५८९.६. तेवढ्या फरकावरून हा नवा पदार्थ आहे हे ओळखलं गेलं.

आंबेमोहोर
कार्डं कापायला बसलो आहोत. मोलचं राहिलं, आणि चुन्याची निवळी करायला हरकत नाही ना?

निवळी
मोलसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. प्रत्येकाचा एक मोल मोजायचा: पाणी १८ ग्रॅम, मीठ ५८.५, खायचा सोडा ८४, साखर ३४२. चार वाट्या शेजारी ठेवा. पाणी जेमतेम साडेतीन चमचे, साखर पाव किलोहून जास्त, पण कणांची संख्या चारहींत सारखीच, ६.०२२ × १०^२३. पाण्याचा रेणू हलका, साखरेचा जड. वजन तिनेच करू दे.

निवळी जरूर करा, पण चुना भिजवणं मोठ्यांनी, आणि पानाच्या चुन्याची पुडी धाकट्याच्या हाती लागू देऊ नका. दाबली की डोळ्यात उडते आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. उडालाच तर लगेच डोळा उघडा धरून पाण्याने धूत राहा आणि तसेच दवाखान्यात न्या. वरचं नितळ पाणी घेऊन नळीने फुंकायचं, ओढायचं नाही. पाणी दुधाळ होईल, तो कॅल्शियम कार्बोनेट. तरी फुंकत राहिली तर हळूहळू पुन्हा नितळ होतं. ते का, हे तिने आधी स्वतः लिहावं, मग इथे टाका. मी तपासून देईन.