टीव्ही आवाजाने बंद होतो, पण सकाळी आवाजाने चालू होत नाही

राजांगण:

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातील आमच्या जुन्या घरात चतुर्थीच्या आधी एक स्मार्ट टीव्ही घेतला. संधिवातामुळे आईची बोटे आखडलेली असतात आणि रिमोटवरची बारीक बटणे दाबणे तिला जड जाते, म्हणून घरात आधीपासून असलेला, तोंडी आज्ञा ऐकणारा ॲमेझॉनच्या अलेक्साचा स्पीकर टीव्हीशेजारी आणून ठेवला आणि ॲपमधून दोन्ही एकमेकांशी जोडून घेतले. टीव्हीच्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचाच आहे अशी माझी खात्री नाही.

अडचण विचित्र आहे. टीव्ही सुरू असताना आवाज कमी-जास्त करणे, यूट्यूब उघडणे, टीव्ही बंद करणे ही सारी कामे तोंडी सांगून व्यवस्थित होतात. बंद केल्यानंतर लगेच पुन्हा चालू करण्यास सांगितले, तर तेही होते. मात्र रात्रभर बंद राहिलेला टीव्ही सकाळी आईने चालू करायला सांगितला, की उपकरण प्रतिसाद देत नसल्याचे उत्तर मिळते. त्याच क्षणी रिमोटचे बटण दाबले तर टीव्ही निमूटपणे सुरू होतो. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने सर्व सेटिंग पुसून टीव्ही नव्याने लावून दिला. त्यानंतरही सकाळचे दुखणे तसेच राहिले.

घराची रचना सांगणे आवश्यक वाटते. इंटरनेट आणणारी फायबरची पेटी वसरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत आहे. तेथून राजांगण, म्हणजे घराच्या मधले अंगण, ओलांडून टीव्हीच्या खोलीपर्यंत चिऱ्यांच्या दोन जाड भिंती मध्ये येतात, त्यामुळे तेथे पेटीचे वाय-फाय जेमतेम पोहोचते. स्पीकरला तेवढे पुरते, पण चित्र अडखळू लागल्याने केबल ओढून टीव्हीच्या खोलीत दुसरा राउटर बसवला आणि टीव्ही त्याला जोडला. इंटरनेटचा वेग आता उत्तम आहे.

आणखी दोन शंका आहेत. डीटीएचच्या सेटटॉप बॉक्सवरील वाहिनी नाव किंवा क्रमांक सांगून लागत नाही, ती लावता येईल काय? आणि आईला इंग्रजी आज्ञा पाठ करायला न लावता हे सारे मराठीत होऊ शकेल काय?

मांडवीकाठ:

पहिली तपासणी टीव्हीच्या सेटिंगमध्ये करावी. वीज वाचवण्यासाठी बहुतेक टीव्ही बंद केल्यावर काही वेळाने आपले नेटवर्कही झोपवतात. बंद असतानाही नेटवर्ककडे कान देत राहण्याचा पर्याय स्वतंत्रपणे चालू करावा लागतो आणि प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव दिलेले असते. कुठे तो 'रिमोट स्टार्ट' असतो, कुठे 'पॉवर ऑन विथ मोबाईल', तर कुठे 'टीव्ही ऑन विथ मोबाईल'. सेटिंग पुसल्यावर हा पर्याय पुन्हा मूळ स्थितीत, म्हणजे बहुधा बंद स्थितीत जातो, हे दुरुस्तीवाले सांगत नाहीत.

यामुळे विजेचे बिल वाढेल अशी भीती घरोघरी असते. झोपलेला टीव्ही सतत २ वॅट घेतो असे धरले, तरी दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस मिळून १.४४ युनिट होतात. आईच्या सोयीपुढे हा खर्च विचारात घेण्याजोगा नाही. अर्थात, रात्री भिंतीवरचे बटणच बंद करत असाल, तर कोणत्याही सेटिंगचा उपयोग होणार नाही.

जोडतार:

वरील सल्ला योग्य आहे आणि तो पर्याय चालू असायलाच हवा, परंतु प्रश्नकर्त्यांच्या तिसऱ्या परिच्छेदात खरे कारण दडलेले आहे असे मला वाटते. स्पीकर पेटीच्या वाय-फायवर आहे आणि टीव्ही दुसऱ्या राउटरवर. एकाच खोलीत, हातभर अंतरावर ठेवलेली ही दोन उपकरणे नेटवर्कच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या घरांत राहतात.

आपण "टीव्ही बंद कर" म्हणतो तेव्हा ते वाक्य स्पीकरकडून ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जाते, तेथे त्याचा अर्थ लावला जातो, मग ती आज्ञा टीव्हीच्या कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवली जाते आणि सुरू असलेल्या टीव्हीने त्या सर्व्हरशी आधीच जोडून ठेवलेल्या मार्गाने ती परत आपल्या घरात येते. या सगळ्या फेरीत स्पीकर आणि टीव्ही यांचा एकमेकांशी थेट संबंध कोठेही येत नाही, म्हणून ते कोणत्या वाय-फायवर आहेत याने काही फरक पडत नाही. बंद केल्यानंतर थोडा वेळ टीव्ही अर्धवट जागा असतो आणि तो मार्गही शाबूत असतो, त्यामुळे लगेच दिलेली 'चालू'ची आज्ञाही पोहोचते.

गाढ झोपलेल्या टीव्हीचा तो मार्ग तुटलेला असतो. तेव्हा दुसरी युक्ती वापरली जाते, तिला 'वेक ऑन लॅन' म्हणतात. स्पीकर घरातल्या नेटवर्कवर एक छोटा संदेश सर्वांना उद्देशून सोडतो. त्यात आधी सर्व बिट १ असलेले सहा बाइट असतात आणि त्यांच्यामागे टीव्हीच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सोळा वेळा लिहिलेला असतो. असा तो एकूण १०२ बाइटांचा संदेश. टीव्हीचा बाकी सारा भाग झोपलेला असला, तरी नेटवर्क कार्ड जागे राहून आपला पत्ता येतो काय हे पाहत असते, आणि तो आला की टीव्हीला उठवते. थोडक्यात, बंद करण्याचा निरोप टपालाने पाठवता येतो, पण झोपलेल्याला उठवायचे तर त्याच्या दारात उभे राहूनच हाक मारावी लागते. सर्वांना उद्देशून सोडलेला असा संदेश राउटर ओलांडून पलीकडच्या नेटवर्कात जात नाही. आपला दुसरा राउटर नेमका तेथेच आडवा येत असणार.

याची खातरजमा सोपी आहे. टीव्हीच्या नेटवर्क स्थितीत आयपी पत्ता, म्हणजे राउटरने त्याला दिलेला क्रमांक, पाहावा आणि ॲपमध्ये किंवा पेटीच्या यादीत स्पीकरचा पत्ता पाहावा. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर माझे निदान बरोबर आहे.

उपाय म्हणून स्पीकरही दुसऱ्या राउटरच्या वाय-फायवर घेतला तर काम तेथेच भागेल. पण मी असे करण्याच्या पक्षात नाही, कारण उद्या फोन वसरीत आणि टीव्ही आत असला, की फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवताना हीच कटकट पुन्हा उभी राहील. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' करून टाकावे, म्हणजे तो आपले वेगळे नेटवर्क न बनवता पेटीचेच नेटवर्क पुढे नेईल. त्याच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे, त्याला पेटीच्याच मालिकेतला पण इतर कोणाला न दिलेला पत्ता द्यावा आणि पेटीकडून आलेली केबल वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) भोकातून काढून लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) भोकात घालावी. मग पत्ते वाटण्याचे काम एकटी पेटी करील आणि सारे घर एका नेटवर्कात येईल. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' वाय-फाय यासाठी वापरू नये, कारण त्यावरील उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे हाच त्याचा हेतू असतो. उपकरणांना असेच वेगळे ठेवणारा 'एपी आयसोलेशन' नावाचा पर्याय कोठे चालू दिसला तर तोही बंद करावा.

आणखी एक बारीक गोष्ट. टीव्हीला वाय-फायसाठी एक मॅक पत्ता असतो आणि केबलसाठी दुसरा. जोडणीचा प्रकार बदलल्यास ॲपमधून टीव्ही काढून तो नव्याने शोधून घ्यावा, अन्यथा स्पीकर जुन्याच पत्त्याला हाका मारत राहण्याचा संभव आहे.

सांजवेळ:

तांत्रिक बाजू उत्तम मांडली गेली आहे. मात्र टीव्ही चोवीस तास विजेवर ठेवण्याच्या सल्ल्याला आपल्या भागात एक मर्यादा आहे, आणि ती कोणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला, की प्लग काढून ठेवण्याची सवय गोव्यातील घरांत आहे आणि ती मोडू नये. केवळ भिंतीवरचे बटण बंद करणेही पुरेसे नाही. फायबरची काचेची तार वीज वाहून आणत नाही, पण छपरावरच्या डीटीएचच्या छत्रीपासून येणारी तांब्याची केबल ती आणू शकते. म्हणून सेटटॉप बॉक्सच्या मागची ती केबलही सोडवावी.

प्लग पुन्हा लावल्यावर काही टीव्ही पूर्ण बंद अवस्थेत राहतात आणि एकदा रिमोटने किंवा मागच्या बटणाने चालू केल्याशिवाय नेटवर्कला जोडले जात नाहीत. अशा दिवशी घरातील दुसऱ्या कोणी सकाळी एकदा टीव्ही चालू-बंद करून ठेवला, तर आईंची अडचण होणार नाही.

राउटरमध्ये हात घालायचा नसेल, तर आणखी एक वाट आहे. एचडीएमआयमध्ये लावायची फायर टीव्ही स्टिक घेऊन ती स्पीकरच्याच खात्याला जोडली, तर ती एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीला उठवू शकते. या सोयीला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र ती ॲनीनेट प्लस, सिंपलिंक, ब्राव्हिया सिंक अशा कंपनीगणिक नावांनी लपलेली असते आणि ती चालू करावी लागते. स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या ॲडाप्टरमधून द्यावी. टीव्हीच्या यूएसबीतून दिली, तर टीव्ही झोपल्यावर बहुधा स्टिकही झोपते आणि मग उठवणारे कोणीच उरत नाही.

राजांगण:

सर्वांचे आभार. जोडतार यांचे निदान अचूक निघाले. टीव्हीचा पत्ता १९२.१६८.० च्या मालिकेतला होता आणि स्पीकरचा १९२.१६८.१ च्या. दुसऱ्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंटचा पर्याय सापडला. तो निवडल्यावर राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याचे जुने सेटिंगचे पान उघडेनासे झाले, तेव्हा क्षणभर धास्ती वाटली. पण आता त्यालाही नवा पत्ता पेटीकडून मिळतो आणि तो पेटीच्या यादीत दिसतो. टीव्ही ॲपमधून काढून नव्याने जोडला, 'चालू करण्या'चा पर्यायही पाहून घेतला. आता आई सकाळी देवपूजा आटोपून खुर्चीत बसल्या बसल्या टीव्ही चालू करून घेते आणि भजने लावायला सांगते. आज्ञा दिल्यापासून टीव्ही चालू होईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात ती आज्ञा दुसऱ्यांदा देते, ही सवय मात्र सुटायला वेळ लागेल.

सांजवेळ यांची सूचना मान्य आहे. गडगडाटाच्या दिवशी प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढण्याचे काम माझ्याकडे घेतले आहे. आता भाषेचा आणि सेटटॉप बॉक्सचा प्रश्न तेवढा उरला.

मांडवीकाठ:

भाषेविषयी सांगतो. अलेक्साने भारतात २०१९ मध्ये हिंदी स्वीकारली, पण ॲपमधील भाषांच्या यादीत मराठी दिसत नाही. इंग्रजी आणि हिंदी दोन्ही चालतील असे जोडसेटिंग निवडता येते आणि आपल्याकडील वडीलधाऱ्यांना "टीवी चालू करो" म्हणणे इंग्रजीपेक्षा नक्कीच सोपे जाते. स्पीकर आणि टीव्ही ॲपमध्ये एकाच खोलीच्या गटात घालावेत, म्हणजे प्रत्येक वेळी टीव्हीचे पूर्ण नाव घ्यावे लागत नाही. टीव्हीला आपोआप मिळालेले कंपनीचे आणि मॉडेलचे लांबलचक नाव तर आधी बदलावे. ते उच्चारताना तरुणांचीही जीभ अडखळते.

'रूटीन' नावाच्या सोयीत आपल्या पसंतीचे वाक्य लिहून त्याला काम नेमून देता येते. तेथे "टीव्ही लाव" असे रोमन अक्षरांत लिहून पाहावे. ऐकणारे यंत्र ते हिंदी किंवा इंग्रजीच्याच कानांनी ऐकते, त्यामुळे वाक्य दोन-तीन शब्दांचे आणि ठसठशीत उच्चारांचे असावे. ॲपच्या इतिहासात यंत्राने प्रत्यक्षात काय ऐकले ते लिहिलेले सापडते. आईंचे बोलणे तेथे ज्या अक्षरांत उमटले असेल, तीच अक्षरे रूटीनमध्ये उचलून घालावीत.

जोडतार:

काम झाले हे वाचून बरे वाटले. सेटटॉप बॉक्सची गोष्ट निराळी आहे. साधा डीटीएच बॉक्स नेटवर्कवर नसतोच. तो फक्त रिमोटच्या अवरक्त किरणांचे ऐकतो, तेही साधारण ३८ किलोहर्ट्झच्या ठोक्याने येणाऱ्या. त्यामुळे टीव्ही कितीही हुशार असला, तरी आपली आज्ञा बॉक्सपर्यंत पोहोचवायला मध्ये कोणीतरी दुभाषा लागतो. बाजारात 'आयआर ब्लास्टर' या नावाने ते छोटे उपकरण मिळते. ते वाय-फायवरून आज्ञा घेते आणि रिमोटसारखे किरण सोडते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या डीटीएच कंपनीचा बॉक्स त्याच्या यादीत असावा, किंवा मूळ रिमोटवरून बटणे शिकवण्याची सोय त्यात असावी. अशी बहुतेक उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, म्हणून राउटरवर तो पट्टा बंद करू नये.

आईंना सर्व वाहिन्या लागत नसतील. त्या नेहमी पाहतात त्या चार-पाच वाहिन्यांचे क्रमांक तेवढे रूटीनमध्ये घालावेत. कंपनीने क्रमांक बदलले की ते पुन्हा भरावे लागतात. हा त्रास या मार्गात कायमचा आहे आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

राजांगण:

बॉक्स लाकडी शोकेसच्या बंद दारामागे ठेवलेला आहे. ब्लास्टर बाहेर ठेवला तर चालेल काय?

जोडतार:

लाकडातून किरण जाणार नाहीत. दाराला काच असेल तर अडचण नाही, नसेल तर ब्लास्टर बॉक्सच्या समोर, त्याच कप्प्यात ठेवावा. तो किरण सोडतो आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी गाळणी असते, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे. ठिपका दिसूनही वाहिनी बदलत नसेल, तर येथे बॉक्सचे मॉडेल लिहावे.