मदत हवी आहे: ४५० वॉटच्या एसएमपीएसवर (पीसीचा पॉवर सप्लाय) आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड चालेल का?

नमस्कार मंडळी, घणसोलीला राहतो, लहान भावासाठी पीसी अपग्रेड करायचाय. सध्या रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. हे कार्ड ७५ वॉटचं, स्लॉटमधूनच पॉवर घेतं, वेगळी केबल लागत नाही, म्हणून एसएमपीएसचा विचारच कधी केला नव्हता. आता आरटीएक्स ४०६० घ्यायचं म्हणतोय, ते ११५ वॉटचं आहे पण कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते आणि माझा ४५० चा, तोही पाच वर्षं जुना. आठ पिनची केबल आहे एक. लॅमिंग्टन रोडला एक दुकानदार म्हणाला आरामात चालेल, दुसरा म्हणाला बदलाच, आता कोणाचं ऐकू?

दुसरं म्हणजे बोर्ड पीसीआयई ३.० चा आहे (म्हणजे कार्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा) आणि ४०६० आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, तर १०८० पी वर खेळताना फरक जाणवतो का? कोणी असाच सेटअप वापरत असेल तर प्लीज सांगा.

कॅबिनेट छोटं आहे, पुढच्या पंख्यापर्यंत २४ सेंटीमीटर जागा मोजलीय, त्यात बसणारं दोन पंख्यांचं मॉडेल कुठलं? भावाने सुट्टीत काम करून पैसे जमवलेत, ते वाया जायला नकोत.